रात्रीची पोळी

बाबा ओट्यापाशी उभे राहून चहाच्या गाळणीत फ्लॉवरची भाजी धूत होते. नळ अगदी बारीक सोडलेला. डाव्या हातात गाळणी, उजव्या हातातल्या चमच्याने ते फोडी हलक्या हाताने वरखाली करत होते आणि सिंकमध्ये केशरी तवंग पसरत चालला होता. शनिवारची दुपार होती. मी ठाण्याहून आले होते आणि माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडून सरळ आत शिरले होते. "अहो बाबा, हे काय करताय?" असं विचारल्यावर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तेल जातं गं यातलं. तिखटपण उतरतं. मग दह्यात कालवली की जाते पोटात." हे ते इतक्या सहज म्हणाले की ही रोजचीच रीत असणार हे कळून चुकलं. फोनवर मी रोज विचारायचे, जेवलात का, डबा कसा होता. रोज उत्तर यायचं, छान होता.

तो डबा खरं तर नावाजलेला होता. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आणखी चार-पाच घरांत तोच येतो. साडेबाराच्या ठोक्याला दारात. शंभर-सव्वाशे रुपयांत चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा किंवा उसळ, आमटी, भात, शिवाय कोशिंबीर आणि लोणच्याची पुडी. कधी शिळं नाही, भातात खडा नाही, झाकणावर चौदा आकडी परवाना क्रमांक व्यवस्थित छापलेला. कुणी त्याला नावं ठेवली असती तर मीच त्या डब्याची बाजू घेतली असती. आणि तरीही ऐंशी ओलांडलेला एक माणूस रोज दुपारी ती भाजी पाण्याखाली धरून धूत होता.

हे डोक्यातून जाईना.

मग मी वेगवेगळ्या ठिकाणचे डबे मागवायला लागले. कर्वेनगर, वारजे, एरंडवणे, डहाणूकर कॉलनी. पुण्यात डबा देणारी घरं आणि मेस यांना तोटा नाही, आणि करोनाच्या दिवसांत तर घरोघरच्या बायकांनी आजारी शेजाऱ्यांसाठी सुरू केलेले डबे पुढे व्यवसाय म्हणून चालू राहिले. मी एकच पथ्य पाळलं. डबा आला की तो दुपारी अर्धाच खायचा आणि उरलेला अर्धा रात्री आठला, गरम न करता किंवा फार तर आमटी तेवढी गरम करून. कारण बाबा तसेच जेवतात. एकट्या म्हाताऱ्या माणसाचा एक डबा दोन वेळांना पुरतो. अशी जेवणारी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत, आणि डब्याची चव मात्र सगळे दुपारी, वाफ निघत असताना बघतात.

दुपारी बहुतेक डबे सारखेच लागतात. भूक लागलेली असते, फोडणीचा वास असतो, पोळी अजून ऊबदार असते. खरा फरक रात्री पडतो, आणि तो सगळ्यात आधी पोळीत पडतो. रात्रीची पोळी हातात घेतली की ती कशी झाली होती याची सगळी हकिगत बोटांना कळते. कणीक भिजवून मुरायला ठेवली होती की घाईघाईने लगेच लाटायला घेतली, पोळी घडीची आहे की नुसता गोल लाटून भाजलेला फुलका, आत तेलाचं बोट फिरवलं होतं की नाही, तव्यावर दोनदाच उलटली की कोरडी पडेपर्यंत ठेवली. गार होताना पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो, म्हणून पोळी वातड होते. घडीत तेलाचा पातळ थर असला आणि कणकेत पाणी पुरेसं असलं तर हे कडक होणं लांबतं. एका ठिकाणच्या पोळ्या इतक्या पातळ आणि एकसारख्या होत्या की दुपारी मी त्यांचं कौतुक केलं. रात्री त्या कडेला तडकल्या आणि मध्ये चामड्यागत झाल्या. दुसऱ्या एका डब्यातली पोळी दिसायला ओबडधोबड, एक बाजू जाड, पण रात्री तिचा पापुद्रा सुटत होता. तो पापुद्रा बाबांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. "ही घरात लाटलेली आहे," म्हणाले. बाबांच्या दाढा आता दोनच उरल्यात. त्यांच्यासाठी पोळीची चव नंतर येते, आधी ती तुटायला हवी.

गुंडाळण्याचाही मोठा वाटा आहे. तव्यावरून उतरलेली पोळी तशीच फॉइलमध्ये बांधली की आतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. खालची पोळी लगद्यासारखी होते आणि वरची सुकते. ज्या घरातून पोळ्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात येत होत्या तिथे हा त्रास नव्हता. फडकं रोज परत द्यायचं, धुऊन घडी करून, एवढंच. बाबांनी ते काम आनंदाने अंगावर घेतलं.

भाताचंही असंच. बहुतेक मेसमध्ये कोलम असतो किंवा त्याहून स्वस्त काहीतरी, कारण तो मोकळा होतो, डब्यात भरल्यावर जास्त दिसतो आणि ताटात छान पसरतो. रात्रीपर्यंत त्याची शितं टणक होतात. इंद्रायणी, आपल्या मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेला, मुळातच चिकट. गार झाला तरी मऊ राहतो, आमटी ओतली की लगेच कालवता येतो, आणि वास रात्रीही टिकतो. मोजून एका डब्यात इंद्रायणी आला. मी त्या ताईंना फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मुलांना आवडत नाही हो, त्यांना मोकळा हवा असतो, पण माझ्या सासूबाईंना हाच लागतो म्हणून मी हाच लावते. त्यांच्या घरी जेवणारी एक म्हातारी बाई होती, म्हणून बाहेरच्या चाळीस जणांना मऊ भात मिळत होता.

भाजीवर तेल का तरंगतं हेही हळूहळू उलगडलं. मोठ्या कढईत पाच-सहा किलो भाजी एकदम परतायची तर तेल कमी घालून चालत नाही, खाली लागते. तेलाने भाजीला चकाकी येते. डब्याचं झाकण उघडल्यावर पहिली नजर त्या चकाकीवरच जाते. जून गवार, पाणी सुटलेला दुधी, दोन दिवसांचा फ्लॉवर, सगळ्यांवर तिखट-तेलाचं पांघरूण घालता येतं. खाणारे बहुतेक विशी-पंचविशीतले, हिंजवडीला किंवा कॉलेजात जाणारे. त्यांना झणझणीत लागतं आणि ते पचतंही. म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याचा हिशोब चुकीचा नाही. तो फक्त बाबांना धरून केलेला नाही.

सोड्याचं मात्र मला फार लागलं. छोले, राजमा, चवळी अशी कडधान्यं बोट लावताच विरघळावीत इतकी मऊ आणि जिभेवर किंचित साबणासारखी चव, असं दोन-तीन ठिकाणी जाणवलं. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, धंद्याचा १९ किलोचा आणि त्याचा दर घरच्यापेक्षा किती तरी चढा. कडधान्य रात्री भिजत घालायचं राहिलं किंवा गॅस वाचवायचा असला की चिमूटभर सोडा हाताशी असतोच. सोड्याने डाळ लवकर शिजते, पण त्या अल्कलीत बी-१ जीवनसत्त्व टिकत नाही, शिवाय सोड्यातून सोडियम पोटात जातं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाच्या डब्यात सोडा, पापड, लोणचं आणि भाजीतलं मीठ अशी बेरीज होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा, तोसुद्धा सगळ्या खाण्यातला मिळून. चौदा आकडी क्रमांक पाहून स्वयंपाकघराची नोंद सरकारदरबारी आहे एवढं कळतं. आमटीत किती मीठ पडलं हे कळायला आमटी चाखावीच लागते.

एका रविवारी हे सगळं बाबांना सांगत होते, कुठल्या डब्यात काय बरं, काय वाईट. ते ऐकत होते आणि मध्येच त्यांच्या वडिलांबद्दल बोलायला लागले. आजोबा कोकणातून पुण्याला शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवडाभर. सात घरच्या सात आमट्या. आजोबांना म्हातारपणीसुद्धा त्या आठवत. बुधवारच्या घरी आमटी पातळ असायची पण त्या घरची बाई वाढताना "अजून घे" म्हणायची. शुक्रवारच्या घरी पुरणपोळीसुद्धा मिळे, पण मुलगा पानावर बसला की कुणी त्याच्याशी बोलत नसे. "वडील बुधवारची वाट बघायचे," बाबा म्हणाले. मी विचारलं, पुरणपोळी असूनही? तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की यात विचारण्यासारखं काय आहे.

परक्या घरी शिजलेलं अन्न रोज खावं लागणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेले हजारो कामगार घरदार गावी ठेवून चाळीत राहायचे आणि खानावळीत जेवायचे. त्या खानावळी म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत चुलीपाशी बसलेल्या बायका. गडी आपल्या मुलखाची चव असलेली खानावळ शोधायचा, कोकणातल्याला माशाचं कालवण हवं, घाटावरच्याला भाकरी आणि झुणका. महिन्याच्या उधारीवर जेवण, पगाराला पैसे. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणाऱ्यांचे पगारच थांबले, तेव्हा या चुलींवरही संक्रांत आली. मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खानावळवालीला तिचे जेवणारे तोंडाने ठाऊक होते. कोण रात्रपाळीला आहे, कोणाला पित्त आहे, कोणी दोन दिवस ताटात अर्धं टाकलं. ताट तिच्यासमोरच उचललं जायचं. आता डबा बंद होऊन जातो आणि रिकामा होऊन परत येतो. भाजी पोटात गेली की सिंकमध्ये, हे स्वयंपाक करणाऱ्याला कळायची सोय नाही.

माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिच्याकडे आठवड्याला जेवणाचं खोकं येतं. आत शिजवलेलं काहीच नाही. मोजून दिलेला तांदूळ, दोन गाजरं, एक लिंबू, मसाल्याची पुडी, बर्फाच्या पिशव्या आणि कृती छापलेला जाड कागद. २०११ साली बर्लिनमध्ये हॅलोफ्रेश आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ब्लू एप्रन सुरू झालं, त्या वळणाचा हा प्रकार. तिने दोन-तीन कंपन्यांची खोकी आलटून पालटून मागवली होती, त्यामुळे आमच्या फोनवर बराच काळ हाच विषय चालला. तिचं म्हणणं एकाच गोष्टीवर ठाम होतं, की तिथे आधी माल दिसतो. कोथिंबीर मरगळली असेल तर खोकं उघडल्यावरच समजतं, मग तू ती टाक नाहीतर वापर. आणि तेल-मीठ तुझ्या हातात. मी म्हटलं, पण कृती त्यांची, चवही त्यांचीच. तर म्हणाली, कागदावर दोन चमचे लिहिलं असलं तरी चमचा मीच धरते ना.

ते मनात राहिलं. बाबांना पोळ्या लाटता येत नाहीत, विळीवर बसवत नाही, बोटं सुजतात. पण ते उभे राहू शकतात, गॅस लावू शकतात, आणि आईच्या शेवटच्या वर्षात रोजची भाजी तेच फोडणीला टाकायचे. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला निवडलेली मेथी, सोललेला लसूण, चिरलेला लाल भोपळा, मोड आलेली मटकी अशा पिशव्या विकतो. त्या घेऊन आले. मेथी मी रात्री परत बघितली, बऱ्यापैकी निवडलेली होती, दोन-चार जाड देठं सोडली तर. चिरलेला भोपळा मात्र दुसऱ्या दिवशी हाताला बुळबुळीत लागला, तो त्याच दिवशी संपवायला हवा. मटकीचे मोड लांब, जवळजवळ बोटाच्या पेराएवढे झाले होते. इतके वाढले की उसळीला गोडसर, गवताळ चव येते. बाबांनी मेथी केली. कढईत एक चमचा तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, भिजवलेली मूगडाळ, झाकण. दाण्याचं कूट वरून. मी कॉफीचा कप घेऊन दारात उभी होते. ते मला म्हणाले, तू जा बाहेर, मला घड्याळ बघू दे. सात मिनिटं झाकण आणि तीन मिनिटं उघडी, हे त्यांचं आईकडून घेतलेलं गणित.

पण रोज हे व्हायचं नाही, हेही खरं. पाय दुखतात, कधी बाजाराला जाणं होत नाही, पोळी-आमटीचा प्रश्न उरतोच. शिवाय एकट्याने शिजवून एकट्याने खायचं, याचा कंटाळा किती खोल असतो हे मला ठाण्यात बसून पूर्ण कळणार नाही. त्यामुळे डबा हवाच होता. फक्त तो कुठून, एवढं ठरायचं होतं.

सगळ्या ठिकाणी फोन करताना मी सारखंच बोलले होते. वडिलांसाठी हवाय, एकटे असतात, तिखट कमी. बहुतेकांनी विचारलं, एक वेळ की दोन, रविवार धरून की सोडून, पैसे महिन्याचे आधी. एका ठिकाणी मेनूची यादी आली, त्यात पनीर आठवड्यातून तीनदा. कर्वेनगरच्या एका काकूंनी मात्र उलटा प्रश्न केला.

"दात आहेत का आजोबांना?"

मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, रात्री किती वाजता जेवतात, वांगं चालतं का, गुळाचं पथ्य आहे का, ताक घरी असतं का. शेवटी म्हणाल्या, मग पोळ्यांना मी थोडं दूध घालून कणीक भिजवते त्यातल्या देईन, आणि उन्हाळ्यात ओलं खोबरं कशातच घालत नाही हो, दुपारपर्यंत आंबतं, सुकं चालेल ना? त्यांचा डबा मी आधी मागवला होता. तो सगळ्यात चवदार नव्हता. आमटी जरा जास्त गोड, कोशिंबिरीत काकडी मोठी चिरलेली. गोडा मसाला आणखी एका घरचा कितीतरी सरस होता. पण रात्रीची पोळी त्यांची तुटत होती, आणि त्या बाईला समोर जेवणारा माणूस बघायचा होता. मी तोच डबा लावला. गोड आमटीची तक्रार मी करणार होते, त्याच्या आधी बाबांनीच फोन केला. कसं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण आठवड्याने आमटीतला गूळ कमी झाला आणि आमसूल वाढलं. नंतर बाबांनी त्यांना शेपूच्या भाजीत मूगडाळ घालायला सांगितलं. काकूंनी ते ऐकलं नाही, त्या तुरीचीच घालतात. यावर अजून वाद चालू आहे.

आता मंगळवार आणि शुक्रवार डब्यातून भाजी येत नाही, त्या दिवशी फक्त पोळ्या, आमटी, भात. काकूंनी त्याचे पैसे कमी केले. भाजी बाबा करतात. सोमवारी संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन पिशवी आणतात, आणि भोपळा घेतला असेल तर त्याच रात्री चिरलेल्या फोडी वाफवून ठेवतात. परवा त्यांनी मला फोनवर विचारलं, गवार निवडलेली मिळते पण शिरा नीट काढलेल्या नसतात, त्याला काय करावं. मी म्हटलं, काकूंना विचारा. "विचारलं," ते म्हणाले. "त्या म्हणतात, गवार घेऊच नका, तुमच्या दातांना नाही जमणार. मी त्यांना म्हटलं, मी उकडून घेतो. बघू या शुक्रवारी."